मोटारगाडीतील अग्निशामक

मोटारगाडीत लागलेली आग प्रारंभीच विझविण्यासाठी गाडीत ठेवण्यात येणारे, हाताने उचलून वापरण्याजोगे उपकरण. गळणारे इंधन तापलेल्या निष्कास नळीवर पडणे आणि विजेच्या तारांचे आवरण झिजून शॉर्ट सर्किट होणे, ही अशा आगीची नेहमीची कारणे होत. पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरते, त्यामुळे पेटलेल्या इंधनावर पाणी टाकल्यास आग वाढण्याचाच संभव अधिक.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोटारगाड्यांमध्ये कार्बन टेट्राक्लोराइड भरलेले पितळी हातपंप वापरीत. अमेरिकेतील पायरीन कंपनीने १९१० नंतर त्यांचा प्रसार केला. हा द्रव विद्युत्‌वाहक नाही व थंडीत सहजासहजी गोठत नाही, त्यामुळे तो गाडीसाठी सोयीचा वाटला. परंतु त्याची वाफ यकृत व मूत्रपिंडे यांना अपायकारक असून तप्त धातूशी संपर्क आल्यावर तिच्यापासून फॉस्जीन तयार होतो. पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरण्यात आलेला विषारी वायू तो हाच. बंदिस्त जागेत आगीइतकाच अग्निशामकाचाही धोका, अशी ही विपरीत अवस्था होती. पुढे हे पंप मागे पडले. त्यानंतर आलेली हॅलॉने प्रभावी होती; तथापि ती ओझोन थराचा नाश करीत असल्याने १९८७ च्या माँट्रिऑल करारान्वये त्यांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले.

सध्या मुख्यत्वे कोरड्या चूर्णाचे अग्निशामक वापरतात. त्यांत मोनोअमोनियम फॉस्फेटाचे चूर्ण दाबाखालील नायट्रोजनाच्या साहाय्याने बाहेर फेकले जाते. ते ज्वालेतील शृंखला विक्रिया खंडित करते. शिवाय वितळून घन पदार्थांवर थर बनविते, म्हणून आसनांच्या गाद्यांवरही ते चालते. सोडियम बायकार्बोनेटाच्या चूर्णात हा गुण नाही. मात्र चूर्णाने जळती वस्तू फारशी थंड होत नाही आणि १ किग्रॅ. चूर्ण साधारणपणे १० सेकंदांत संपते. यास्तव गाडी थांबवून, एंजिन बंद करून प्रथम सर्वांनी बाहेर पडावयाचे आणि आग लहान असेल तरच उपकरण हाती घ्यावयाचे असते. बॉनेट पूर्ण उघडल्यास भरपूर हवा मिळून ज्वाला उसळते. ते किंचित उचलून फटीतून चूर्ण मारणे श्रेयस्कर. इंधन म्हणून वापरलेल्या नैसर्गिक वायूची गळती पेटली असल्यास झडप बंद न करता केवळ ज्वाला विझविणे घातक ठरते, कारण साचलेल्या वायूचा स्फोट होऊ शकतो. विजेवर चालणाऱ्या गाडीतील लिथियम-आयन बॅटरीवर चूर्ण जवळजवळ निष्फळ होय. तिच्या घटांत आतूनच उष्णता निर्माण होत राहते व विझलेली आग पुन्हा भडकते. ती शमविण्यास अग्निशमन दलाला पुष्कळ पाणी मारावे लागते.

अग्निशामक डिकीत ठेवण्याची प्रथा सोयीची असली, तरी मागून धडक बसल्यास डिकी उघडेलच असे नाही. चालकाच्या आसनाजवळ धातूच्या पकडीत तो घट्ट बसविणे इष्ट. सैल राहिलेले नळकांडे ब्रेकच्या पेडलखाली अडकू शकते. हादऱ्यांनी चूर्ण तळाशी दडपले जाते, म्हणून नळकांडे अधूनमधून उलटे करून हलवितात व दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही, हेही त्याच वेळी पाहतात. बेल्जियम, पोलंड, ग्रीस इ. देशांत खाजगी मोटारगाडीतही अग्निशामक बाळगणे कायद्याने आवश्यक आहे.