बल्ब बदलला, पण आरसा तोच!

अक्कलकुव्याहून मोलगीला जाणारा रस्ता देवगोई घाटाने सातपुड्यात चढतो. पावसाळ्यात येथे धुके असते, वळणे अवघड असतात आणि बाजार आटोपून घरी निघालेली माणसे रस्त्याच्या कडेनेच चालतात. समोरच्या जीपचा पांढराशुभ्र झोत डोळ्यांवर आला की चालकाला त्या झोताशेजारून चालणारा माणूस काही क्षण दिसतच नाही. जुन्या गाडीतील हॅलोजन बल्ब काढून त्याच खोबणीत एलईडी बल्ब बसवण्याची पद्धत आता खेड्यापाड्यांत पोचली आहे. ‘कमी वॅटमध्ये जास्त उजेड’ हे विक्रेत्याचे म्हणणे पुष्कळदा खरेही असते. मग अडते कुठे?

आपल्याकडील अनेक जीपगाड्यांत ‘एच-४’ जातीचा हॅलोजन बल्ब असतो. तो १९७१ साली प्रचारात आला. त्याच्या काचेत टंगस्टनच्या दोन तारा असतात, एक ६० वॅटची व दुसरी ५५ वॅटची. अपरची तार अन्वस्ताकार परावर्तकाच्या नाभीजवळ असते, म्हणून तिचे किरण जवळजवळ समांतर होऊन दूरवर जातात. डिपरची तार नाभीच्या किंचित पुढे असते. अशा तारेचे किरण परावर्तकाच्या वरच्या अर्ध्या भागावर पडले तर खाली वळतात, खालच्या अर्ध्यावर पडले तर वर जातात. म्हणून या तारेखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी असते. ती खाली जाणारे किरण अडवते. समोरच्या चालकाचे डोळे वाचतात ते या वाटीमुळे! जुना बल्ब हाती लागला तर विद्यार्थ्यांना ही वाटी अवश्य दाखवावी.

तार जेमतेम पाच-सहा मिलिमीटर लांब व मिलिमीटरभर जाड असते आणि तिच्याभोवती सर्व बाजूंना प्रकाश पडतो. एलईडी बल्बात तिच्या जागी एका धातूच्या पट्टीच्या दोन्ही अंगांना चिकटवलेले सपाट तुकडे असतात. प्रत्येक तुकडा आपापल्या बाजूला प्रकाश टाकतो आणि पट्टीच्या जाडीमुळे अक्षापासून थोडा दूरच राहतो. हे ‘थोडे’ किती महाग पडते, त्याचा हिशेब करू. परावर्तकाचे नाभीय अंतर २५ मिलिमीटर धरा. प्रकाशाचा उगम अक्षापासून १ मिलिमीटर सरकला, तर किरण १/२५ रेडियन, म्हणजे सुमारे २.३ अंश वळतात. ५० मीटरवर हा फरक दोन मीटरचा होतो. बल्ब खोबणीत जरासा फिरून बसला आणि हे सरकणे वर-खाली झाले, तर रस्त्यावर पडायचा प्रकाश समोरच्या माणसाच्या कपाळावर पडतो. वॅट कमी झाले म्हणून दिपणे कमी होत नाही.

धुक्यात तर हे वर गेलेले किरण थेंबांवरून उलटून आपल्याच चालकाच्या डोळ्यांत येतात. पांढऱ्यापेक्षा पिवळा प्रकाश धुक्यातून अधिक आरपार जातो, असे वर्गातही सांगितले जाते. आकाशाच्या निळेपणाचे स्पष्टीकरण येथे लावणे मात्र बरोबर नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात, त्यामुळे सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. धुक्यात रंगापेक्षा झोत किती खाली आहे याला महत्त्व.

एलईडी वाईट, असा याचा अर्थ नव्हे. कारखान्यातच एलईडीसाठी आखलेल्या दिव्याचा परावर्तक किंवा भिंग त्या तुकड्यांना धरूनच घडवलेले असते. जर्मनीने २०२० मध्ये बदली एलईडी बल्बाला पहिली मान्यता दिली, तीही चाचणी झालेल्या ठरावीक गाड्यांच्या ठरावीक दिव्यांपुरतीच.

आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १०६ व्या नियमाने डोळ्याची जागाच ठरवून दिली आहे. दिव्यापुढे ८ मीटर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंच. तेथील डोळा दिपता कामा नये.

शाळेच्या भिंतीवर याची परीक्षा घेता येते. सपाट जागेवर रिकामी गाडी भिंतीपासून १० मीटरवर सरळ उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर त्या उंचीला खडूने रेघ ओढा. डिपर लावल्यावर प्रकाशाची वरची कड रेघेखाली साधारण १० सेंटिमीटरवर, ठळक दिसली पाहिजे. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून ही कड डाव्या बाजूला थोडी वर चढलेली असते, तो दोष नव्हे. कड पुसट असेल, रेघेवर उजेडाचे ठिपके दिसत असतील, तर बल्ब आणि आरसा यांचे जुळलेले नाही. दिव्याकडे रोखून मात्र कोणी पाहू नये.

मग मागच्या बाकांवर सहा-सात मुले बसवा. गाडीचे नाक एका अंशाने जरी उचलले गेले, तरी १० मीटरवर कड सुमारे १७ सेंटिमीटर वर सरकते आणि रेघ ओलांडते. मोलगीच्या बाजारातून निघालेली जीप तर याहून कितीतरी भरलेली असते, आणि तेव्हा मूळचा हॅलोजन बल्बही समोरच्याला दिपवू शकतो. बऱ्याच दिव्यांना झोत वर-खाली करण्यासाठी एक स्क्रू असतो. ओझे नेहमीचेच असेल, तर गाडी भरलेली असताना भिंतीसमोर उभी करून तो जुळवून घ्यावा.