मोटारीने परदेश : एका कोकणी घराचा हिशेब

परदेशप्रवास ही लठ्ठ पगारवाल्यांची मिरास आहे, मध्यम स्थितीच्या कुटुंबाने फार तर काशी-रामेश्वर करावे, अशी समजूत आपल्या बहुतेक घरांतून अद्यापि आढळते. आमच्या सावर्ड्याच्या घरातही ती होतीच. तिला पहिला धक्का बसला तो २०२५ च्या गणेशोत्सवात. आरती आटोपून सारी मंडळी ओटीवर बसली असता आमच्या पुतण्याने नकाशा पसरला व म्हटले, "काका, आपल्या दारावरून जाणारा हा मुंबई-गोव्याचा रस्ता धरला, तर मोटारीने थेट लंडनला जाता येते!"

आमच्या मातोश्री कोपऱ्यात वाती वळीत होत्या. त्यांचे वय शहात्तर. त्या म्हणाल्या, "लंडन राहू दे बाबा. मला पशुपतीला नेता का, तेवढे सांगा."

त्यावर वहिनी हळूच बोलल्या, "जळगावच्या त्या यात्रेकरूंचे काय झाले, ते विसरलात वाटते?"

ओटीवर क्षणभर कोणी बोलले नाही. या तीन वाक्यांत स्वस्त परदेशप्रवासाचा सारा प्रश्न सामावला आहे, असे आम्हांस पुढे हिशेब मांडताना कळून आले. म्हणून तिघांसही दिलेले उत्तर वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम लंडन. खुष्कीच्या मार्गाने जग पाहण्याची हौस आपल्याकडे नवी नाही. १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवर बसून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे इराण, इराक, सिरिया असे मुलूख तुडवीत पुढे साऱ्या जगाला वळसा घालून १९२८ साली मुंबईस परत आले. परंतु तो काळ निराळा होता. आज पश्चिमेकडील दार मिटलेले आहे. पाकिस्तानात उतरण्याचे अटारीचे नाके एप्रिल २०२५ मध्ये बंद झाले. पूर्वेकडे ब्रह्मदेशात २०२१ च्या लष्करी उठावापासून यादवी माजल्यामुळे तो रस्ता भरवशाचा राहिलेला नाही. उत्तरेकडे चीन आहे. पण तेथे परकी मोटार न्यावयाची, तर सरकारमान्य संस्थेमार्फत परवानगी काढून, वाटाड्या बरोबर घेऊन, त्याचा रोजचा खर्च सोसावा लागतो. याशिवाय अनेक देशांत 'कार्ने' नावाचा जकातीचा दस्तऐवज लागतो. 'ही मोटार आम्ही तुमच्या देशात विकणार नाही, परत घेऊन जाऊ' अशी ती हमी असते, आणि तिच्यापोटी मोटारीच्या किमतीच्या मानाने मोठी रक्कम तारण ठेवावी लागते. तात्पर्य, लंडन अशक्य नाही. परंतु ते स्वस्त नाही.

मग स्वस्त देश कोणते? जमिनीने लागून असलेले व आपली मोटार सहज आत घेणारे दोनच : भूतान व नेपाळ. दोन्हीकडे वाहने आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, आणि आपल्या लोकांस व्हिसा लागत नाही. परंतु भूतानात भारतीय पाहुण्यास दर रात्री डोईमागे १२०० रुपये कर आहे, आणि आतल्या मुलुखात नेलेल्या मोटारीस दिवसाला ४५०० रुपये. आम्ही सहाजण म्हणजे नुसत्या कराचेच दिवसाकाठी ११,७०० रुपये झाले. जेवण, निवारा, पेट्रोल सारे याहून वेगळे. नेपाळात डोईपट्टी नाही; मोटारीला मात्र 'भन्सार', म्हणजे जकात, भरावी लागते. तिचा दर रोजी तीन-चारशे भारतीय रुपयांच्या घरात पडतो. पुतण्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि लंडनचा नकाशा आपण होऊन घडी घालून ठेवला.

आता मातोश्रींचे मागणे. काठमांडू सुमारे १४०० मीटर उंचीवर आहे. ती उंची वृद्धांस सहसा बाधत नाही. पशुपतिनाथाचे मुख्य पुजारी भट्ट हे परंपरेने दक्षिणेकडील ब्राह्मण असतात, हे ऐकून तर मातोश्रींस तो देव अधिकच घरचा वाटू लागला. गंमत अशी, की १९५० पूर्वी काठमांडूत मोटारी होत्या, पण तेथवर जाणारा मोटाररस्ता नव्हता. हमालांनी त्या बांबूंवर तोलून डोंगरांपलीकडे वाहून नेल्या होत्या. पुढे भारताच्या साह्याने त्रिभुवन राजपथ बांधला गेला, तेव्हा मोटार स्वतःच्या चाकांवर तेथे पोहोचू लागली. आज शहात्तर वर्षांच्या बाईला आपल्या दारात गाडीत बसून पशुपतीच्या दारात उतरता येते, ही सोय काही थोडी नव्हे.

मुक्तिनाथाची गोष्ट निराळी. ते स्थान ३७०० मीटरांच्या वर आहे. तेथे विरळ हवेने धडधाकट माणसालाही धाप लागते, व वाटही खडतर. आमच्या वैद्यांनी मातोश्रींची प्रकृती तपासून "काठमांडूपर्यंत खुशाल, मुक्तिनाथ नको" असा स्पष्ट सल्ला दिला. तेव्हा मुक्तिनाथ यादीतून काढले. पुतण्याचा चेहरा उतरला. पण ज्या प्रवासात घरचे सर्वांत वडील माणूस बरोबर आहे, त्याचा वेग व उंची त्या माणसाच्या मानाने ठरवावी, हा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून पाळावयाचे ठरविले.

तिसरी शंका वहिनींची, आणि तीच सर्वांत गंभीर. २३ ऑगस्ट २०२४ रोजी, ऐन श्रावणात, पोखऱ्याहून काठमांडूकडे जाणारी एक बस मर्स्यांगदी नदीत कोसळली. जळगाव जिल्ह्यातील वीसहून अधिक यात्रेकरू तीत प्राणास मुकले. त्याच्या आधीच्याच महिन्यात नारायणगड-मुगलिंग रस्त्यावर दरड कोसळून दोन बसगाड्या त्रिशूली नदीने गिळल्या होत्या. आम्हां कोकणवासीयांस दरड म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. पावसाळ्यात कुंभार्ली घाटातून जाताना वर डोंगराकडे लागलेली नजर खाली येत नाही; हिमालयाचे डोंगर तर याहून उंच व ठिसूळ. म्हणून 'श्रावणात यात्रा' हा पुण्याचा हिशेब आम्ही बाजूस ठेवला. देव बारा महिने तेथेच असतो.

काळ निवडताना आणखी तीन गोष्टी पाहिल्या. आश्विनात नेपाळात दशैंचा मोठा सण असतो. त्या दिवसांत कचेऱ्या बंद, लोक आपापल्या गावी. डिसेंबर सरत आला, की उत्तरेच्या मैदानात दाट धुके पडते व हमरस्त्यावर दहा हात पुढचे दिसेनासे होते. आणि आमच्या घरची भातकापणी व झोडणी उरकल्यावाचून कोणाचाच पाय निघणार नाही. या तिन्हींतून एकच फट उरते : तुळशीचे लग्न लावून निघावे व धुके दाटण्यापूर्वी घरी यावे. डोंगरातला प्रवास उजेडातच करावा, सूर्यास्तानंतर मोटार हलवू नये, व उतारावर नुसता ब्रेक दाबून न ठेवता खालच्या गिअरने उतरावे, हे तीन निर्बंध गाडी चालविणाऱ्या दोघांनीही कबूल केले, तेव्हा कोठे वहिनींनी मान हलविली.

मार्ग असा आखला : सावर्ड्याहून चिपळूण, कुंभार्ली घाट, कऱ्हाड व पुणे; तेथून जालना; मग समृद्धी महामार्गाने नागपूर; पुढे जबलपूर, रीवा, काशी, गोरखपूर व सुनौली. हे अंतर सुमारे २००० किलोमीटर भरते. तरुण मंडळी ते चार दिवसांत कापतील. आम्ही आठ दिवस धरले आहेत, त्यांत काशीचा एक पुरा दिवस विश्रांतीचा व गंगास्नानाचा. नेपाळात आठ दिवस : सुनौलीजवळच लुंबिनी, तेथून तानसेनवरून पोखरा, एक दिवस सरोवराकाठी, मग काठमांडू व पशुपती, परतताना चितवनचे अरण्य आणि पुन्हा सुनौली. येण्यास सात दिवस. एकूण तेवीस दिवस, व सर्व मिळून सुमारे ५००० किलोमीटर.

आता पैसा. लिटरला चौदा किलोमीटर धावणारी सात आसनांची मोटार व लिटरचा दर १०५ रुपये धरला, तर पेट्रोलास सुमारे ३७,५०० रुपये लागतात. आम्हांस वाटे, सारा खर्च येथेच आहे. परंतु दोन खोल्यांचे रोजचे ३००० व सहाजणांच्या जेवणखाणाचे २४०० धरून पाहिले, तो तेवीस दिवसांचे व बावीस रात्रींचे १,२१,२०० रुपये झाले! म्हणजे पेट्रोलाच्या तिपटीहून अधिक. मोटारीच्या प्रवासात पैसा मैलांनी जात नाही, दिवसांनी जातो, हे गृहिणींनी ध्यानात ठेवावे. पुणे व नागपूर येथे आप्तांची घरे आहेत. जाता-येता तेथे चार रात्री राहिलो, की १२,००० वाचतात. भन्साराचे २८०० व पथकर, विमा, गाडीतळ इत्यादींचे १०,५०० मिळवून एकूण १,६०,००० रुपये, म्हणजे डोईमागे सव्वीस-सत्तावीस हजार. पथकराच्या बाबतीत राष्ट्रीय महामार्गांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींस वार्षिक पास मिळू लागला आहे. आरंभी त्याची किंमत ३००० रुपये व फेऱ्या २०० होत्या. एवढ्या लांबच्या प्रवासास तो किफायतशीर पडतो; मात्र समृद्धीसारख्या राज्याच्या रस्त्यांवर तो चालत नाही.

जेवणात काटकसर करावी, पण पोटाला चिमटा घेऊन नव्हे. तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट, आमसुले, लोणचे व विजेवर चालणारे एक भांडे बरोबर असले, की रात्रीची खिचडी मुक्कामी होते. म्हाताऱ्या माणसाचे पोट ताळ्यावर राहते व हॉटेलचा एक वेळचा खर्च वाचतो.

कागदपत्रे पैशांइतकीच महत्त्वाची. नेपाळात शिरताना भारतीय नागरिकाजवळ पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र असावे. पंधरा वर्षांखालील मुले व पासष्टांवरील वृद्ध यांस वय व ओळख पटविणारे छायाचित्र असलेले दुसरे सरकारी ओळखपत्र चालते. मधल्या वयाच्या माणसाने केवळ 'आधार'वर विसंबू नये. मोटारीचे मूळ नोंदणीपत्र, विम्याचा कागद, प्रदूषणाचा दाखला व चालकाचा परवाना हवा. मालक बरोबर नसेल, तर त्याचे अधिकारपत्र. विम्याविषयी विशेष सांगावेसे वाटते. आपला नेहमीचा विमा भारताच्या सीमेपुरताच असतो. नेपाळापर्यंत त्याचे क्षेत्र वाढविण्यास कंपनीकडे थोडा जादा हप्ता भरून निघण्यापूर्वीच तशी नोंद करून घ्यावी लागते. ती न करता सीमा ओलांडणे म्हणजे उघड्या डोक्याने दगडांच्या पावसात चालणे होय. सीमेवर भन्साराची पावती व वाहतूक परवाना असे दोन्ही कागद घ्यावेत, आणि भन्सार एक दिवस जादाच भरावा. मुदत उलटल्यास दंड होतो.

भारतीय १०० रुपयांस नेपाळचे १६० हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. शंभरपर्यंतच्या नोटा निर्धास्त चालतात. मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, म्हणून त्यांचा ताजा नियम पाहूनच त्या न्याव्यात.

शेवटी एक आकडा आम्ही हिशेबाबाहेर ठेवला आहे : ३०,००० रुपयांची राखीव गंगाजळी. गणपतीचे विसर्जन होऊन दोनच दिवस लोटले होते, तोच ८ सप्टेंबर २०२५ रोजी काठमांडूत तरुणांचा उद्रेक झाला. संचारबंदी लागली, विमानतळ बंद पडला. त्या दिवशी आम्ही तेथे असतो, तर? तर चार-पाच दिवस कोठेतरी दार लावून बसावे लागले असते. त्या दिवसांचे जेवण, निवारा व औषध ज्याच्या खिशात आहे, त्याच्यावर संकट आले तरी त्याची फजिती होत नाही. ही गंगाजळी जमत नसेल, तर प्रवास एक वर्ष पुढे ढकलावा, पण तिच्यावाचून निघू नये. न लागलेली रक्कम घरी परत येते. तीत तोटा कसला?

हा सारा ताळा मांडून झाल्यावर आम्ही कागद मातोश्रींस वाचून दाखविला. मुक्तिनाथ नाही, हे ऐकून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नसू दे. तुमचे वडील होते, तेव्हा काशीहून परत फिरलो. पैसे संपले होते. 'पशुपती पुढच्या खेपेला' म्हणाले होते ते."

पुढची खेप चाळीस वर्षे आली नाही. आता ती तुळशीच्या लग्नानंतर आहे. मोटारीची तपासणी झाली आहे, विम्याच्या क्षेत्रवाढीचा अर्ज भरून ठेवला आहे, आणि पुतणा दर रविवारी कुंभार्ली घाट हळू उतरण्याचा सराव करतो आहे. वहिनी शेजारी बसून असतात.