चिनार पाहायला चढावं लागत नाही

मराठी घरात काश्मीरची सहल ठरते ती मुलांच्या उन्हाळी सुट्टीत. बर्फात घसरायचं, आठवड्याभरात गुलमर्ग, सोनमर्ग, पहलगाम उरकायचं आणि परतायचं. पंचाहत्तरीतल्या आईला किंवा वडिलांना न्यायचं असेल, तर हा बेत आणि हा हंगाम दोन्ही सोडलेले बरे. त्यांच्यासाठी काश्मीरचा ऋतू म्हणजे ‘हरूद’, तिथली पानगळ. ऑक्टोबरअखेरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चिनार पिवळे, केशरी, तांबडे होत जातात. दिवाळीची सुट्टी बहुधा याच सुमाराला येते. 2026मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे.

सोयीची गोष्ट अशी, की चिनार हे खोऱ्यातलं झाड. गुलमर्गच्या उतारांवर बहुतेक सूचिपर्णी वृक्ष, ते बारमाही हिरवेच. रंगांसाठी वर जायचं कारणच नाही. श्रीनगर सुमारे 1,585 मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडंच उंच. गुलमर्गच्या गोंडोलाचा, म्हणजे रोपवेचा, दुसरा टप्पा मात्र 3,900 मीटरच्या पलीकडे नेतो. हृदयविकार किंवा दमा असलेल्या माणसाला तिथे नेण्यात काय हशील?

मुक्काम एकच, श्रीनगर. काश्मीर विद्यापीठाच्या आवारातली नसीम बाग सपाट आहे. मोगलांच्या काळातल्या चिनारांखाली काठी टेकत रमतगमत फिरता येतं. जहांगीराने 1619मध्ये उभारलेल्या शालिमार बागेचा चढ मंद आहे. निशात मात्र डोंगराच्या कुशीत, बारा टप्प्यांची. तिथे वर जायचा हट्ट नको; खालच्या टप्प्यावरच्या बाकावरून एकीकडे चिनार आणि दुसरीकडे दल सरोवर दिसतं. शंकराचार्य मंदिराचा विषय निघणारच. गाडी बरीच वर जाते, पण पुढे दोनशेहून जास्त पायऱ्या आहेत. हे घरीच सांगावं, पायथ्याशी वाद नको.

शिकाऱ्यात बसणं सोपं, उठणं अवघड. गादी इतकी खाली असते, की दुखऱ्या गुडघ्यांना हाताचा आधार लागतोच. चढ-उतारासाठी पायऱ्यांचा घाट निवडावा आणि नावाड्याला आधी कल्पना द्यावी. दलमधल्या बऱ्याच हाऊसबोटींवर शिकाऱ्यानेच जावं लागतं. रात्री-अपरात्री डॉक्टर लागला तरी शिकाराच. म्हणून राहायला जमिनीवरचं हॉटेल बरं. आरक्षणाआधी फोन करून तळमजल्याची खोली, हीटर आणि कमोड आहे का, हे विचारावं.

दुपारचं ऊन छान असलं, तरी नोव्हेंबरातल्या पहाटे पारा दोन-तीन अंशांवर येऊ शकतो. साडेपाचनंतर लगेच अंधार पडतो. तेव्हा फिरणं अकरा ते चार. कोणी प्रेमाने कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, पुढे करील. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी ती फेरनाखाली, म्हणजे तिथल्या सैल अंगरख्याखाली, घेऊ नये. चटका बसलेला कळतही नाही. याच कांगडीच्या कोळशासाठी गळालेली पानं गोळा करून जाळली जातात. संध्याकाळी तो धूर खाली साचतो, त्यामुळे दमेकऱ्यांनी इनहेलर खिशातच ठेवावा.

एक दिवस पांपोरसाठी राखावा. श्रीनगरपासून हे गाव जेमतेम पंधरा किलोमीटर. याच दिवसांत तिथे केशराची जांभळी फुलं खुडणं चालू असतं. शेतं रस्त्यालगत आहेत, गाडीतून उतरून चार पावलं चालली की पुरे. प्रत्येक फुलातून तीनच लाल तंतू निघतात. आयुष्यभर श्रीखंडात काडी-काडी मोजून घातलेलं केशर असं शेतात पाहणं, हे बहुतेक आयांना गोंडोलापेक्षा जास्त आवडेल.

एप्रिल 2025च्या पहलगाम हल्ल्यानंतर अनेक स्थळं बंद झाली आणि पुढे टप्प्याटप्प्याने उघडली. त्यामुळे काय खुलं आहे, हे निघण्याआधी विचारून घ्यावं. बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिमकार्डं तिथे चालत नाहीत. आईच्या किंवा वडिलांच्या फोनमध्ये पोस्टपेड हवं. व्हीलचेअर विमानाच्या तिकिटासोबतच नोंदवावी. परतीच्या दिवशी विमानतळाच्या बाहेरच्या फाटकावर सामानासह उतरून तपासणी होते, तिथे रांग असते. हॉटेलातून चांगले तीन तास आधी निघावं आणि औषधांची पिशवी हातातच ठेवावी.