एक बॉल मागे

एप्रिलमध्ये रात्री साडेनऊला वाशीच्या एपीएमसीतल्या फळ मार्केटात जा. दिवसाचा बाजार केव्हाच उठलेला असतो आणि कोकणातून निघालेल्या हापूसच्या गाड्या अजून वाटेत असतात. हा मधला वेळ माथाडींचा. एका गाळ्यापुढे आंब्याची रिकामी पेटी आडवी टाकलेली, तिच्या फळीला मोबाईल टेकवलेला, तो घसरू नये म्हणून खाली मूठभर पेंढा, आणि त्या बोटभर चित्रावर सहा डोकी वाकलेली. गोलंदाज धावत येतोय, बॉल अजून हातातून सुटायचाय, तेवढ्यात पलीकडच्या चहाच्या टपरीतून आरोळी उठते. टपरीत टीव्ही आहे. "गेला वाटतं," एकजण पुटपुटतो. मग काय होणार हे ठाऊक असूनही सहाच्या सहा जण तो बॉल डोळे फाडून बघतात.

केबलवरचा खेळ मोबाईलवर आला त्याबद्दल मार्केटात छातीठोकपणे जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं अशा पेटीभोवतीच ऐकायला मिळतं. काही खरं असतं, बहुतेक अर्धवट.

"लाइव्ह म्हणजे लाइव्ह. मागे असेल तर नेट स्लो असणार."

नेट उत्तम असलं तरी चित्र मागेच असतं. इथून रिक्षाच्या अंतरावर नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक उचलला तो तिथेच. त्या मैदानातलं चित्र टीव्हीवर यायला आकाशात ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहापर्यंत जातं आणि तेवढंच अंतर खाली येतं. या प्रवासाला लागतो जेमतेम पाव सेकंद. बाकीची प्रक्रिया धरून टीव्हीवरचा बॉल काही सेकंद जुना असतो.

मोबाईलवर येताना त्या चित्राचे आधी काही-काही सेकंदांचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जाच्या अनेक प्रतींत तयार होतो, म्हणजे रेंज कमी झाली की फोनने हलकी प्रत उचलावी. मग ते तुकडे गावोगावच्या सर्व्हरवर पोचतात. शेवटी फोन स्वतःजवळ दोन-तीन तुकडे शिलकीत ठेवून मगच दाखवायला लागतो. गाडी उशिरा आली तरी गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून गाळ्यात चार गोण्या मागे ठेवतात, तसंच हे. ही शिल्लक काढून टाकली तर चित्र ताजं येईल, पण रेंज जरा हलली की मधेच अडकेल. सगळं मिळून उशीर सहज अर्ध्या मिनिटाच्या घरात जातो, म्हणजे साधारण एका बॉलचं अंतर. दोन फोन शेजारी ठेवले तर त्यांच्यातही तीन-चार सेकंदांचा फरक दिसेल. टपरीतल्या टीव्हीला मागे टाकायचं तर एकच उपाय आहे: टपरीत जाऊन बसणं.

"आयपीएल मोबाईलवर फुकटच असायची. आता उगाच पैसे लावले."

पूर्ण मोसम फुकट होती ती २०२३ आणि २०२४ मध्ये. त्याआधीची काही वर्षं पूर्ण मोसम बघायला हॉटस्टारचे पैसे भरावेच लागत. पण दोन वर्षांच्या फुकटाची सवय इतकी पक्की बसली की त्याआधीचं कुणाला आठवत नाही.

हे फुकट आलं कुठून, ते आकड्यांतच कळतं. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएल प्रक्षेपणाचा लिलाव जून २०२२ मध्ये झाला आणि एकूण बोली ४८,३९० कोटींवर गेली. आधीच्या पाच वर्षांसाठी स्टारने मोजले होते १६,३४७ कोटी. या वेळी टीव्ही आणि मोबाईल यांचे हक्क वेगवेगळे विकले गेले. भारतातले टीव्हीचे हक्क डिस्ने स्टारला २३,५७५ कोटींना गेले. मोबाईलचे व्हायकॉम१८ ने २०,५०० कोटींना घेतले, वर निवडक सामन्यांच्या वेगळ्या गठ्ठ्यासाठी आणखी ३,२५७ कोटी टाकले. बेरीज केली तर मोबाईल पहिल्यांदाच टीव्हीच्या पुढे गेला, तोही दोनशे कोटींहून कमी फरकाने.

एवढे पैसे ओतून व्हायकॉम१८ ने जिओसिनेमावर सामने मोकळे सोडले. वसुली जाहिरातींतून करायची आणि प्रेक्षक आपल्या अ‍ॅपकडे ओढायचा, हा हिशेब. सामना फुकट असला तरी डेटा फुकट नव्हता, आणि व्हायकॉम१८ ज्या रिलायन्स समूहाची, त्याचंच मोबाईल नेटवर्कही आहे हे लक्षात घेतलं की चित्र पुरं होतं. समोरच्यालाही मग गप्प बसता आलं नाही. २०२३ चा विश्वचषक डिस्ने-हॉटस्टारने मोबाईलवर फुकट दाखवला आणि १९ नोव्हेंबरच्या अंतिम सामन्याला एका क्षणी ५.९ कोटी लोक एकाच वेळी त्या अ‍ॅपवर होते.

दोन आडत्यांनी एकमेकांना पाडायला माल स्वस्त सोडावा, तसे ते दिवस होते. १४ नोव्हेंबर २०२४ ला दोघांचे धंदे एक झाले, १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार आलं, आणि एका मोबाईलवर तीन महिन्यांना १४९ रुपये असा दर लागला. काही रिचार्जसोबत ते अजूनही 'फुकट' येतं. किंमत रिचार्जमध्ये असते.

१४९ म्हणजे काही फार नाहीत. पण ही रक्कम माणशी आहे. पेटीभोवतीच्या सहा जणांनी आपापल्या फोनवर बघायचं ठरवलं तर ८९४ रुपये होतात. टपरीतल्या टीव्हीवर क्रीडा वाहिनीचे महिन्याला वीसेक रुपये आणि केबलचं मूळ भाडं एकदा भरलं की उभे-बसलेले पंचवीस जण बघतात. त्यामुळे स्वस्त काय, हे किती जण मिळून बघणार यावर ठरतं. म्हणूनच सहा जण एकाच फोनवर वाकलेले असतात. ते मला गरिबीपेक्षा व्यवहारज्ञानच जास्त वाटतं.

डेटाचंही तसंच. चांगल्या दर्जात तासाला एखादा जीबी सहज जातो आणि सामना पावणेचार तास चालतो. रोजच्या दोन जीबीत शेवटची षटकं कुठून यायची? दर्जा कमी केला तर भागतं, पण मग बॉल दिसत नाही, फक्त क्षेत्ररक्षक पळताना दिसतात.

"भारताची मॅच कायद्यानेच दूरदर्शनवर फुकट दाखवावी लागते."

यात खरं बरंच आहे, पण ज्यांच्या घरी केबल आहे त्यांना नेमकं तेच लागू नाही. थोडं मागे जायला हवं. नव्वदीच्या सुरुवातीपर्यंत सामना दाखवण्याचे पैसे दूरदर्शनच क्रिकेट मंडळाकडे मागत असे. प्रक्षेपण ही विकायची वस्तू आहे हे मंडळाला उमगलं आणि १९९३ च्या हिरो कपवेळी बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात जुंपली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी १९९५ च्या निकालाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता ठरवली आणि त्यांच्यावरची सरकारी मक्तेदारी अमान्य केली. निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. खासगी वाहिन्यांना क्रिकेटचं दार उघडलं ते तिथून.

पुढे सगळेच सामने पैशांच्या वाहिन्यांवर जाऊ लागले तेव्हा २००७ मध्ये संसदेने कायदा केला: राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट चित्र हक्कदाराने प्रसार भारतीला द्यायचं आणि जाहिरातीचं उत्पन्न ७५:२५ वाटून घ्यायचं. कोणते सामने महत्त्वाचे, ते सरकार अधिसूचनेने ठरवतं. भारताचे एकदिवसीय आणि टी-२० सामने त्या यादीत आहेत, आयपीएल नाही. मुंबई इंडियन्स म्हणजे राष्ट्र, असं मानणाऱ्यांची इथे कमी नसली तरी.

आणि जे सामने यादीत आहेत ते तरी केबलवर दिसतात का? दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणं केबलवाल्यांना सक्तीचं असल्यामुळे ही चित्रं आपोआप केबलच्या घरांतही पोचायची. हक्कदार कोर्टात गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणापुरतं आणि डीडी फ्री डिशपुरतंच आहे. त्यामुळे सामना चालू असताना केबलच्या बॉक्सवर तीच सरकारी वाहिनी लावली तर भलताच कार्यक्रम दिसतो आणि लोक केबलवाल्याला शिव्या देतात. बिचाऱ्याचा यात दोष नाही. फुकट बघायचं तर फ्री डिशची छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचा; मग महिन्याचं भाडं नाही. २००७ च्या कायद्याची भाषाच केबल, डीटीएच आणि रेडिओची आहे. मोबाईलवर इतकं क्रिकेट बघितलं जाईल हे तेव्हा फारसं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"केबल संपली."

गळती मोठी आहे, हे खरं. दूरसंचार नियामक ट्रायच्या आकड्यांत पैसे भरणारे डीटीएच ग्राहक मार्च २०२१ मध्ये ७ कोटींच्या जवळ होते, मार्च २०२५ मध्ये ते ५.७ कोटींवर आले. केबलचीही तीच दशा. बरेच केबलवाले आता त्याच खांबांवरून ब्रॉडबँड देतात. पण फळबाजार १९९६ मध्ये क्रॉफर्ड मार्केटातून वाशीला आला तेव्हाही तो जुना बाजार संपला असंच म्हणत होते. घाऊक गेलं, किरकोळ राहिलं. क्रॉफर्ड मार्केटात आजही आंबा मिळतो आणि इथल्यापेक्षा महाग मिळतो. जिथे दहा जण एकत्र बसून सामना बघतात तिथे टीव्ही अजून हटलेला नाही.

"एक अ‍ॅप घेतलं की सगळा खेळ आला."

नाही. हक्क मालिकेगणिक विकले जातात. २०२५ च्या उन्हाळ्यात भारताची इंग्लंडमधली कसोटी मालिका टीव्हीवर सोनीच्या वाहिन्यांनी दाखवली आणि मोबाईलवर जिओहॉटस्टारने. सप्टेंबरचा आशिया चषक बघायला सोनीलिव्ह लागलं. वर्षाचं पॅक घेण्याआधी कोणती मालिका कुठे आहे ते एकदा बघून घ्यावं.

मराठी समालोचन ही मोबाईलची देणगी, हाही एक लाडका समज. २०२३ मध्ये जिओसिनेमाने बारा भाषांत आयपीएल ऐकवली, त्यात मराठी होती, आणि तिथे समालोचन करणाऱ्या केदार जाधवला मोसम चालू असतानाच बंगळुरूच्या संघाने खेळायला बोलावून घेतलं. पण त्याच्या कितीतरी आधी बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत आणलं होतं.

मोबाईलने खरंच नवं दिलं ते वेगळंच आहे. इथले पुष्कळ माथाडी साताऱ्या-सांगलीकडचे. गावची जत्रा, कुस्त्यांचं मैदान, बैलगाडा शर्यत यातलं काहीच केबलवर कधी येत नव्हतं. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली, मे २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब झालं, आणि आता घाटाच्या कडेला कॅमेरा लावून पोरं यूट्यूबवर शर्यत थेट दाखवतात. लिलाव नाही, पॅक नाही. परवा दुपारी भाजीपाला मार्केटच्या बाजूला एक मुकादम असाच फोन धरून बसला होता. "मामा, कुठली शर्यत?" म्हटलं, तर वर न बघता म्हणाला, "गावाकडची. थांब जरा, आमच्या भावकीची जोडी सुटतीय." तिथेही चित्र अर्धा मिनिट मागेच असतं. पण आधी ओरडायला शेजारी टीव्ही नसतो, त्यामुळे मुकादमाच्या लेखी बैलं त्याच क्षणी सुटतात.