पान मलूल दिसलं, म्हणून पाणी?

आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेला माणूस घरातल्या फुलझाडाविषयी काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. पण एक झाड मी चुकीचं अनुमान करून मारलं आहे, आणि ती चूक नेमकी कुठे झाली हे मला आज सांगता येतं. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

झाड होतं फॅलेनॉप्सिस ऑर्किड. हल्ली पुण्यातल्या रोपवाटिकांत सर्रास मिळतं. पतंगाच्या पंखांसारखी पांढरी-जांभळी फुलं, दोन-तीन महिने टिकणारी. मूळचं आग्नेय आशियातल्या दमट जंगलांतलं. तिथे ते मातीत वाढत नाही, झाडाच्या फांदीवर बसतं आणि मुळं हवेत सोडतं. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी अशीच वाढते. या मुळांवर स्पंजसारखा पांढुरका थर असतो. पाऊस किंवा दव तो पटकन टिपून घेतो आणि नंतर वाऱ्यावर सुकतो. भिजणं आणि सुकणं, दोन्ही त्याला हवं. या झाडाला साधारण 50 ते 70 टक्के आर्द्रता मानवते.

आता हे 'टक्के' म्हणजे काय, ते बघू. ही सापेक्ष आर्द्रता आहे. म्हणजे हवेत किती बाष्प आहे एवढंच ती सांगत नाही. त्या तापमानाला हवा जेवढं बाष्प धरू शकते, त्याच्या किती हिस्सा आहे, हे सांगते. ती वस्तू नाही, गुणोत्तर आहे. एप्रिलमधला एक दिवस घ्या. समजा, एक घनमीटर हवेत 10 ग्रॅम बाष्प आहे. पहाटे 22 अंशांना ती हवा सुमारे 19 ग्रॅम धरू शकते, म्हणजे आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या थोडी वर. दुपारी 38 अंशांना तीच हवा सुमारे 46 ग्रॅम धरू शकते. आर्द्रता आली बावीस टक्क्यांवर. पाण्याचा थेंबही कुठे गेला नाही, पण हवेची तहान वाढली. ती तहान भागते पानांतून, कळ्यांतून.

पानं तशी तयारीची असतात. जाड असतात, पाणी साठवतात, आणि या झाडाची पर्णरंध्रं मुख्यतः रात्री उघडतात. कळ्यांना असं संरक्षण नाही. म्हणून कोरड्या झळीत कळ्या पिवळ्या पडून गळतात.

मग आपण काय करतो? फवारा उचलतो. मीही उचलला. हिशोब करा. बारा बाय दहाची खोली, दहा फूट उंच, म्हणजे सुमारे 34 घनमीटर हवा. 34 अंशांना ती साधारण 1275 ग्रॅम बाष्प धरू शकते. फवाऱ्याच्या दहा दाबांनी समजा 10 ग्रॅम पाणी उडालं. आर्द्रता वाढली एका टक्क्याहूनही कमी, आणि खिडकी उघडी असेल तर तीही बाहेर गेली. झाडाच्या गाभ्यात मात्र पाणी साचून राहिलं. तिथूनच कूज सुरू होते.

आता माझी चूक. पानं मलूल झाली, सुरकुतली. मी म्हटलं, पाणी कमी पडतंय. जास्त घातलं, आणि फवारा दिवसातून तीनदा. पानं आणखी मलूल झाली, मी आणखी पाणी घातलं. शेवटी कुंडीतून काढलं तर मुळं तपकिरी, पोकळ, बोटाने दाबताच साल निघणारी. पाणी भरपूर होतं. ते पिणारं कुणी उरलं नव्हतं.

न्यायशास्त्रात याला नाव आहे. धुरावरून अग्नी ओळखता येतो. अग्नीवरून धूर ओळखता येत नाही, कारण लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याला धूर नसतो. धुरासाठी इंधन ओलं असावं लागतं. या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. मलूल पानावरून 'पाणी हवं' असं म्हणतानाही एक अट लपलेली असते: मुळं जिवंत हवीत. मुळं सुकली तरी पान मलूल, कुजली तरी मलूल. पान एकटं साक्षीला पुरत नाही. विद्यार्थ्यांना हे मी कितीदा तरी शिकवलं असेल. घरी खिडकीशी ते आठवलं नाही, बरं का.

तेव्हा आधी मुळं पाहा. म्हणूनच या झाडाला पारदर्शक कुंडी बरी. मुळं चंदेरी दिसली तर पाणी द्यायची वेळ. हिरवी आणि टणक असली तर थांबा. तपकिरी आणि मऊ असली तर पाणी बंद, कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने कापा आणि सालीचे नवे तुकडे भरा.

हवेसाठी छोटं आर्द्रतामापक यंत्र झाडाशेजारी ठेवा, हवामानखात्याच्या आकड्यावर जाऊ नका. उन्हाळ्यात दुपारी ऊन आणि झळ अडवा. खोली थंड राहिली की तेवढ्याच बाष्पात टक्केवारी आपोआप वाढते. वाळ्याचा ओला पडदा किंवा कूलर दोन्ही कामं करतो: हवा थंड करतो, बाष्पही देतो. फक्त त्याचा झोत थेट झाडावर नको. एसी मात्र हवेतलं पाणी काढून घेतो. बाहेर नळीतून ठिबकतं ते तेच. चार कुंड्या एकत्र ठेवल्या तर थोडा फायदा होतो. खड्यांच्या ताटलीतल्या पाण्याने अगदी थोडा, आणि कुंडीचा तळ त्या पाण्याला लागता कामा नये.

पावसाळ्यात सगळं उलटं करा. बाहेर 85-90 टक्के असताना ताटली काढा, कुंड्या लांब करा, पंखा हळू चालू ठेवा, पाणी सकाळीच द्या. साचलेल्या दमट हवेत पाकळ्यांवर बुरशीचे ठिपके पडतात. जंगलात दमटपणा असतो, पण वाराही असतो. आपण पहिला आणतो आणि दुसरा विसरतो.

माझं दुसरं झाड आता तिसऱ्या वर्षी फुलात आहे. फवारा अजून घरात आहे. त्याने मी चष्मा पुसतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.