फ्रीजच्या विजेचा हिशेब

वीज हा आमचा विषय नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली आणि पुढचे आयुष्य कामगारांच्या पगारपत्रकांवरील आकड्यांशी झगडण्यात गेले. परंतु ज्याला पगारपत्रक वाचता येते त्याला विजेचे बिल वाचता येऊ नये, असे थोडेच आहे? ते वाचण्याची पाळी आमच्यावर एका तंट्यामुळे आली.

आमच्या युनियनचा एक सभासद भाड्याच्या खोलीत राहतो. वाड्यात बिऱ्हाडे तीन, मीटर एकच आणि तोही घरमालकाच्या नावाचा. मे महिन्यात मालकाने बजावले, "फ्रीज ठेवायचा तर महिना हजार रुपये जादा द्या, नाहीतर रात्री तो बंद ठेवा." सभासदाच्या आईला मधुमेह आहे. इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंश उष्णतामानातच ठेवाव्या लागतात. तेव्हा प्रश्न गार पाण्याचा नव्हता, म्हातारीच्या औषधाचा होता.

मालकाचे गणित असे : फ्रीजच्या पाठीवर १५० वॅट लिहिले आहे, तो २४ तास चालतो, ३० दिवसांचे १०८ युनिट झाले. १००० वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते, त्या मापाने गुणाकार बिनचूक होता. चूक गुणाकाराच्या आधीच झाली होती.

फ्रीज थंडी निर्माण करीत नाही. तो आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. विहिरीवरची मोट पाणी उपसते तसेच हे काम. आतल्या नळ्यांत एक द्रव कमी दाबाखाली उकळतो आणि उकळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो. त्याची वाफ कॉम्प्रेसर दाबतो. दाबलेली तापलेली वाफ मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांत आपली उष्णता खोलीत सोडते आणि पुन्हा द्रव बनते. आत पुरेसे गार झाले की साध्या फ्रीजचा कॉम्प्रेसर थांबतो; उष्णता झिरपून आत आली की पुन्हा सुरू होतो. म्हणजे बटण २४ तास चालू असले तरी मोट २४ तास चालत नाही. इन्व्हर्टर जातीच्या फ्रीजमध्ये ती पुष्कळ वेळ चालते, पण संथपणे. म्हणून पाठीवरच्या वॅटना २४ ने गुणणे दोन्ही ठिकाणी फसवे.

आमचा सभासदही गणितात मागे नव्हता. फ्रीजच्या दारावर ताऱ्यांची जी पट्टी असते, तिच्यावर वर्षाच्या युनिटांचा आकडा छापलेला असतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने ही पट्टी २००६ साली सुरू केली. याच्या पट्टीवर १८० होते. "महिन्याला १५ युनिट, सहा रुपये दराने ९० रुपये. मालक लुटतो आहे," असे तो म्हणे. पण पट्टीवरचा आकडा ठरावीक परिस्थितीतल्या चाचणीचा असतो. तो पत्र्याखालच्या खोलीतल्या मे महिन्याचा नसतो.

वाद घालण्यापेक्षा मोजावे म्हणून आम्ही एका वायरमनकडून सॉकेटात बसणारा छोटा मीटर आणला. २४ तासांत ०.८ युनिट भरले, म्हणजे महिन्याला २४. मालकाचे १०८ खोटे ठरले, तसे सभासदाचे १५ ही खोटे ठरले. मग फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला आणि दाराचे सैल झालेले रबर बदलले. पुन्हा मोजले तेव्हा ०.६ आले, म्हणजे महिन्याला १८. तुलनेसाठी सांगतो : ७५ वॅटचा जुना पंखा दहा तास फिरला की पाऊण युनिट होतो. रात्री फ्रीज बंद ठेवून फारसे वाचत नाही. रात्री आत शिरलेली उष्णता सकाळी उपसावीच लागते, आणि दूध व औषध मात्र धोक्यात येते.

आता दराकडे वळू. महाराष्ट्रात महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिटे स्वस्त, आणि पुढची ३०० पर्यंतची जवळजवळ दुप्पट महाग असतात. हिशेबापुरते सहा आणि बारा रुपये धरू. स्थिर आकार व वीजशुल्क वेगळे. या वाड्यात तीन बिऱ्हाडे मिळून महिन्याला २१० युनिटे होत. बिल झाले ६०० अधिक १३२०, म्हणजे १९२० रुपये. हीच बिऱ्हाडे ७०-७० युनिटे तीन मीटरांवर जाळती, तर १२६० रुपयांत भागते. वरचे ६६० रुपये फ्रीजने खाल्ले नव्हते. ते एकाच मीटरने खाल्ले होते! प्रत्येक जादा मीटरचा स्थिर आकार त्यातून वजा करावा लागतो, हे मात्र विसरू नये.

२००३ च्या वीज कायद्याच्या ४३ व्या कलमात वीज मागण्याचा हक्क जागेच्या मालकाइतकाच तिथे राहणारालाही दिलेला आहे. तिन्ही बिऱ्हाडांनी वेगळ्या मीटरसाठी एकत्र अर्ज करावा असे ठरले. तोवर फ्रीजचे १८ युनिट गुणिले १२, म्हणजे २१६, आणि वर शुल्क धरून महिना अडीचशे रुपये मालकाने मान्य केले. मालक दुष्ट नव्हता. बिल फुगते कशाने हेच त्याला उमगत नव्हते, आणि डोळ्यांसमोर फ्रीज दिसत होता.

आपल्या घरीही हे मोजता येईल. विजेच्या मीटरवर एक दिवा लुकलुकतो आणि एका युनिटाला किती लुकलुकी ते तिथेच छापलेले असते. समजा ३२०० आहेत. रात्री फ्रीजखेरीज सारे बंद करा. दर सात सेकंदांना एक लुकलुक दिसली, तर फ्रीज त्या क्षणी सुमारे १६० वॅट घेतो आहे. निजताना आणि उठताना मीटरचे आकडे लिहून ठेवा, म्हणजे रात्रीचा खप कळेल.

चाळीस वर्षे आम्ही कामगारांना एकच सांगत आलो : पगार हाती घेण्याआधी पावती वाचा. आज तेच बिलाविषयी सांगतो. सुनेने दार किती वेळा उघडले यावरून घरात खटके उडण्यापूर्वी, किंवा भाडेकरूवर बोट रोखण्यापूर्वी, मीटरपाशी पाच मिनिटे उभे राहावे. त्या म्हातारीच्या कुप्या आज रात्रीही गार आहेत, त्या भांडणाने नव्हे, मोजल्यामुळे.