किती पडले?

सालवडच्या चाळीतल्या दहावीच्या मुलाचं आणि टॅप्स कॉलनीतल्या 'नीट'वाल्या मुलीचं टेन्शन सारखं नाही. पण प्रश्न मात्र दोघांना एकच विचारला जातो. आणि विचारणाऱ्यांत आपणही असतो!

सकाळचे पावणेसहा. तारापूर एमआयडीसीतली नाइट शिफ्ट अजून सुटायची आहे. सालवडच्या बाजूने निघालेली शेअर रिक्षा बोईसर स्टेशनच्या दिशेने धावतेय. मागच्या सीटवर डबा मांडीवर घेतलेला एक बाप. शेजारी त्याचा अकरावीतला मुलगा, मांडीवर सॅक आणि डोळे मिटलेले. बाप फर्स्ट शिफ्टला निघालाय. आणि मुलगा?

तोही शिफ्टलाच! फर्स्ट शिफ्ट कॉलेज, सेकंड शिफ्ट क्लास, थर्ड शिफ्ट होमवर्क. बापाला आठवड्याची सुट्टी असते, मुलाच्या रविवारी टेस्ट सिरीज असते. बापाला ओव्हरटाइमचे पैसे मिळतात, मुलाला मिळतो फक्त एक प्रश्न - 'किती पडले?'

हे दोघं म्हणजे कुणी ठरावीक बापलेक नव्हेत. बोईसर-पालघरच्या कोणत्याही सकाळी, कोणत्याही रिक्षात ते तुम्हाला भेटतील. एप्रिल 2013मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली आणि इथल्या मुलांसाठी पालघर, विरार, वसईची कॉलेजं आणि क्लासेस एकदम 'जवळ' आले. जवळ म्हणजे कसे? तर एक गाडी चुकली की पुढच्या गाडीची वाट बघत प्लॅटफॉर्मवरच फिजिक्सचं पुस्तक उघडायचं, इतके जवळ. रोज अंधेरीला अप-डाऊन करणाऱ्या तुम्हा-आम्हाला हा प्रवास काय असतो ते सांगायला नको. फक्त आपण तो पगारासाठी करतो. ही पोरं सोळाव्या वर्षी करतात, आणि त्यानंतर त्यांना अभ्यासही करायचा असतो.

एकच पिनकोड, तीन दुनिया

सालवड हे एमआयडीसीला खेटलेलं गाव. एका बाजूला केमिकल, औषधं, स्टील आणि कापडाचे कारखाने. काही किलोमीटरवर 1969मध्ये सुरू झालेलं देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आणि त्याची आखीवरेखीव कॉलनी. आणि आजूबाजूला आदिवासी पाडे. म्हणजे वर्गात शेजारी शेजारी बसू शकतील अशी तीन मुलं तीन वेगवेगळ्या दुनियांतून येतात.

कॉलनीतल्या मुलीच्या घरी अभ्यासाची खोली आहे, सीबीएसईची शाळा आहे आणि आईबाबांपैकी कुणीतरी इंजिनीअर किंवा सायंटिस्ट आहे. तिचं टेन्शन म्हणजे 'आपल्या घरात सगळे शिकलेले आहेत.' डॉक्टर किंवा इंजिनीअर होणं हे इथे स्वप्न नसतं, किमान अपेक्षा असते.

चाळीतल्या मुलाचे वडील उत्तर प्रदेशातून, बिहारमधून किंवा ओडिशातून आलेले. घरी भोजपुरी किंवा ओडिया, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी नाहीतर इंग्लिश. इंग्लिश मीडियमची फी भरायची म्हणून वडील ओव्हरटाइम करतात, आणि ते आठवड्यातून एकदा तरी बोलूनही दाखवतात. याचं टेन्शन म्हणजे 'आपल्या घरात कुणीच शिकलेलं नाही.' गणित अडलं तर विचारायचं कुणाला? क्लासला. क्लासची फी कुठून आणायची? पुन्हा ओव्हरटाइम!

आणि पाड्यावरची मुलगी? तिला पर्सेंटेजचं टेन्शन यायला अजून वेळ आहे. दिवाळी झाली की पालघर जिल्ह्यातली कित्येक आदिवासी कुटुंबं वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामांवर कामाला जातात, ती थेट पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे शाळेचं अख्खं दुसरं सत्र गायब. मोठ्या बहिणीने भट्टीवर धाकट्याला सांभाळायचं, की गावी आजीकडे राहून शाळा करायची? हा निर्णय दरवर्षी होतो. आणि तो तिला विचारून होतोच असं नाही.

आपल्या पेपरांत 'परीक्षेचा ताण' म्हणून जे छापून येतं, ते बहुतेक वेळा पहिल्या मुलीबद्दल असतं. दुसऱ्याबद्दल कधीमधी. तिसरीबद्दल जवळपास नाहीच.

शंभरातले शंभर, तरी टेन्शन!

तुमची दहावी 2008 ते 2010च्या मधली असेल, तर तुम्ही एका गोंधळाचे साक्षीदार आहात. आठवतंय? आयसीएसई आणि सीबीएसईच्या मुलांना मार्क जास्त पडतात आणि अकरावीला आपली मुलं मागे पडतात, म्हणून 2008मध्ये सरकारने पर्सेंटाइलचा फंडा काढला. हायकोर्टाने तो रद्द केला. 2009मध्ये 90 टक्के जागा एसएससीच्या मुलांसाठी आणि 10 टक्के बाकीच्यांसाठी, असं ठरलं. तेही हायकोर्टाने रद्द केलं. 2010मध्ये 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं. हायकोर्ट नाही म्हणालं, सुप्रीम कोर्ट हो म्हणालं, आणि ते राहिलं. मधल्या मध्ये मुलं जून-जुलैभर घरी बसून यादीची वाट बघत होती.

या सगळ्याचं फलित काय? मार्क वाढले. 2025च्या दहावीत राज्याचा निकाल 94.10 टक्के लागला आणि 211 मुलांना शंभर टक्के मिळाले. कला-क्रीडेचे वाढीव गुण त्यात धरलेले असतात, हे खरं. पण ज्या राज्यात शंभरपैकी शंभर पडू शकतात, तिथे 82 टक्के मिळवलेल्या मुलाला काय वाटत असेल? आमच्या-तुमच्या वेळी 82 टक्क्यांना पेढे वाटले जायचे. आता 'थोडक्यात हुकलं' म्हणतात!

आणि गंमत म्हणजे हे मार्क पुढे फारसे कामालाच येत नाहीत. अकरावीची अॅडमिशन झाली की दहावीचं मार्कशीट फाइलमध्ये जातं आणि मुलगा 'नीट' किंवा 'जेईई'च्या रांगेत उभा राहतो. 2024मध्ये 'नीट'ला देशभरातून 23 लाखांहून जास्त मुलं बसली. एमबीबीएसच्या जागा होत्या लाखाच्या थोड्या वर. म्हणजे बावीसेक लाख मुलांना एमबीबीएसची सीट मिळणार नव्हती, हे परीक्षेच्या आधीच ठरलेलं होतं. मुलांनी कितीही अभ्यास केला तरी हे गणित बदलत नाही. पण निकालाच्या दिवशी प्रत्येक घरात एकच वाक्य ऐकू येतं, 'तू अजून थोडा प्रयत्न करायला हवा होतास.'

एनसीईआरटीने 2022मध्ये देशभरातल्या सहावी ते बारावीच्या 3.79 लाख मुलांची पाहणी केली होती. त्यात 81 टक्के मुलांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे चिंतेचं कारण म्हणून सांगितलं. ही काही चार-दोन हळव्या मुलांची तक्रार नाही. वर्गातली जवळजवळ सगळी बाकं झाली ही!

सिनेमा बघितला, पुढे काय?

आपल्याला हे कळत नव्हतं असंही नाही. शिक्षणाचं ओझं कमी करा, असं प्रा. यशपाल यांच्या समितीने 1993मध्येच सांगितलं होतं. 2007च्या डिसेंबरमध्ये 'तारे जमीन पर' बघून आपण थिएटरमध्ये रुमाल भिजवले. डिसेंबर 2009मध्ये 'थ्री इडियट्स'ला टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ जानेवारी 2010मध्ये महेश मांजरेकरांचा 'शिक्षणाच्या आयचा घो' आला. त्याच महिन्यात मुंबईत विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या लागोपाठ येत होत्या आणि अख्खं शहर हादरलं होतं.

त्यानंतर बरंच काही झालं. 1 एप्रिल 2010पासून शिक्षण हक्क कायदा आला, आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं. महाराष्ट्रात 2023मध्ये पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा परत आली. 2015मध्ये दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त नको, असा आदेश निघाला. 2024मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं ठरलं. त्याच वर्षी केंद्राने सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासमध्ये घेऊ नका, अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली.

कागदावर सगळं छान. पण चौथीतल्या मुलाची झोप वाचवली आणि अकरावीतल्याची? तज्ज्ञ सांगतात की तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही. तो आळस नसतो! पावणेसहाच्या रिक्षातला तो मुलगा रात्री बाराला पुस्तक मिटत असेल तर हिशोब तुम्हीच करा.

कोसबाडची टेकडी

मग उपाय काय? तो शोधायला फिनलंडला जायची गरज नाही. बोईसरहून लोकलने दोन स्टेशनं पुढे जा. वाणगाव, मग डहाणू.

1945मध्ये ताराबाई मोडक डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या. सोबत तरुण अनुताई वाघ होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, ही तक्रार तेव्हाही होती. ताराबाई-अनुतारईंनी तक्रार केली नाही, प्रश्न उलटा केला. मुलं शाळेत येत नसतील तर शाळाच मुलांकडे का जाऊ नये? मग पाड्यावरच्या अंगणात शाळा भरली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणात 'कुरणशाळा' भरली. शैक्षणिक साहित्य कुठलं? पानं, बिया, शंख-शिंपले, दगड. जे मुलाच्या हाताशी आहे ते.

हीच वाट पुढे नव्वदच्या दशकात याच पट्ट्यात विधायक संसदेने धरली. वीटभट्टीवर भोंग्यात, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, शाळा सुरू झाली. तिचं नावच 'भोंगाशाळा'.

या सगळ्यातली मेख काय होती? त्यांनी आधी मुलाकडे बघितलं आणि मग शाळा बनवली. आपण आधी रांग बनवतो आणि मग मुलाला तिच्यात उभं करतो. देशातली वीज बनवणारी पहिली अणुभट्टी आणि देशातली कुरणशाळा, दोन्ही एकाच जिल्ह्यातल्या. पहिलीचा फोटो आपण जनरल नॉलेजच्या पुस्तकात बघितला. दुसरी आपल्यापैकी किती जणांना शाळेत शिकवली?

यात आपण कुठे?

तुम्ही म्हणाल, 'आम्ही ना पेरेंट्स, ना टीचर. आमचा काय संबंध?' संबंध आहे, बॉस! वर्षातून चार वेळा आपण गणपतीला, लग्नाला, बारशाला घरी जातो. तिथे कुणीतरी दहावी-बारावीतलं भेटतंच. आपण म्हणजे त्याच्या लेखी 'सेटल झालेला' दादा किंवा ताई. सव्वाशे माणसांच्या घोळक्यात आपण मोठ्याने विचारतो, 'काय मग, किती पडले?' आपल्याला बोलायला दुसरा विषय सुचलेला नसतो, एवढंच. पण त्याच्यासाठी ती त्या दिवसातली सतरावी वेळ असते.

आपण खरं काय सांगू शकतो? हेच की ऑफिसमध्ये आजवर कुणी आपलं दहावीचं पर्सेंटेज विचारलेलं नाही. की आपल्या टीममधली सगळ्यात हुशार मुलगी बारावीला एकदा गटांगळी खाऊन आली आहे. की आपल्यालाही परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा यायचा. या गोष्टी आईबाबा सांगू शकत नाहीत. त्यांना वाटतं, असं सांगितलं तर पोरगं अभ्यास सोडेल. दादा-ताईने सांगितलं तर पोरगं ऐकतं.

आणि सालवडसारख्या ठिकाणी तर अजून एक गोष्ट करता येईल. एमआयडीसीत, टॅप्समध्ये कितीतरी तरुण इंजिनीअर, केमिस्ट, अकाउंटंट काम करतात. त्यांच्यातल्या एकाने आठवड्यातून एक संध्याकाळ चाळीतल्या चार मुलांचं गणित घेतलं, तर एका बापाचा थोडा ओव्हरटाइम वाचेल. आणि 'विचारायचं कुणाला?' या प्रश्नाला एक नाव मिळेल.

चौकट : एवढं तरी करा!

* 'किती पडले?'ऐवजी 'सध्या काय आवडतंय?' विचारा. उत्तर 'काहीच नाही' आलं तरी चालेल. निदान बोलणं सुरू होईल.
* निकालाच्या दिवशी फोन करायचाच असेल तर मार्कांबद्दल न विचारता 'जेवलास का?' विचारा.
* धाकट्याची तुलना कुणाशीही करू नका. स्वतःशी तर मुळीच नको.
* तो गप्प गप्प राहू लागला, झोप-जेवण बिघडलं, आवडीच्या गोष्टी सोडल्या, 'माझा काही उपयोग नाही' असं बोलू लागला, तर थट्टेवारी नेऊ नका. शांतपणे ऐकून घ्या, एकटं सोडू नका आणि घरातल्या मोठ्यांना सांगा.
* मदतीसाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे. नंबर 14416. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. लहान मुलांसाठी 1098.

संध्याकाळचे साडेसात. तीच शेअर रिक्षा, आता उलट्या दिशेने. फर्स्ट शिफ्टवाला बाप केव्हाच घरी पोचलाय. मुलगा आत्ता क्लासमधून परततोय. डोळे पुन्हा मिटलेले. शेजारी बसलेले तुम्ही, अंधेरीहून थकून आलेले. त्याच्या सॅकमधून डोकावणारा टेस्टचा पेपर तुम्हाला दिसतो. कोपऱ्यात लाल पेनाने काहीतरी आकडा लिहिलेला आहे.

तो वाचू नका. थोडं सरकून बसा, त्याला नीट टेकता येईल इतकी जागा करून द्या. सालवड यायला अजून दहा मिनिटं आहेत. झोपू दे त्याला.